गाडीच्या छताचं झाकण जास्त उघडतंय? आधी मोटरचा आवाज ऐका

उघड्या छताच्या गाडीचं बटण दाबलं की बघणाऱ्यांचं लक्ष छताकडे असतं. खरी कसरत मागच्या झाकणाची चाललेली असते. सीटच्या मागे आणि डिकीच्या पुढे एक खोलगट कप्पा असतो, घडी झालेलं छत त्यात बसतं. कप्प्यावरचं झाकण आधी उघडतं, छताला वाट देतं आणि छत आत गेलं की पुन्हा बसतं. छत वर घ्यायचं असेल तेव्हा परत तेच: झाकण उघडा, छत बाहेर काढा, झाकण लावा. बहुतेक गाड्यांत हे झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर असतं. त्याची पुढची कड वर उठते आणि ते मागे, डिकीच्या दिशेने कलतं.

गाडी जुनी झाली की एक तक्रार हमखास येते. झाकण नेहमीच्या जागी थांबत नाही. चार बोटं जास्त मागे जातं, एका अंगाला तिरकं होतं, किंवा थेट डिकीच्या पत्र्यावर आपटून रंगाचा टवका काढतं. गॅरेजमध्ये नेलं तर पहिला अंदाज बहुधा सगळ्यात महागाचा असतो: मोटर गेली, पंप गेला, कंट्रोल युनिट (छताला हुकूम देणारा छोटा संगणक) बदला. बऱ्याचदा खरा दोष दांडीच्या टोकाच्या एखाद्या प्लॅस्टिकच्या वाटीत, ढिल्या नटमध्ये किंवा तुटलेल्या वायरीत असतो. तो शोधायला एका प्रश्नाचं उत्तर पुरतं: झाकण नेहमीची जागा ओलांडतं त्या क्षणी मोटर चालू असते की थांबलेली असते? दुरुस्तीच्या दोन वेगळ्या वाटा इथूनच फुटतात. पण हा प्रश्न इतका उपयोगी का, हे कळायला झाकण मुळात थांबतं कसं ते पाहावं लागेल.

थांबवणारे तिघे

आजीच्या खोलीतली लोखंडी पेटी आठवा. तिच्या झाकणाला आतून एक पट्टी किंवा साखळी असते. ती आहे म्हणून झाकण उभं राहतं. ती तुटली की झाकण मागे भिंतीवर जाऊन आदळतं आणि बिजागरी वाकते. गाडीच्या झाकणालाही असा शेवटचा अडसर असतो. कुठे रबरी गट्टू, कुठे बिजागरीतच केलेली खाच, कुठे कापडी पट्टा. मात्र गाडीत रोजचं थांबणं या अडसरावर सोडलेलं नसतं. तो फक्त आणीबाणीसाठी.

त्याच्या आधी काम करतो स्विच. झाकण ठरलेल्या जागी पोचलं की एक छोटा मायक्रोस्विच दाबला जातो, किंवा चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर संदेश देतो, आणि मोटरचा वीजपुरवठा तुटतो. मायक्रोस्विच म्हणजे संगणकाच्या माऊसमध्ये ‘टिक्’ करतो त्याच जातीचा स्विच. त्याची जागा दोन-तीन मिलिमीटरने सरकली तरी झाकणाचा मुक्काम बदलतो.

तिसरा थांबवणारा दिसत नाही, कारण तो वेगळा भाग नसतोच. मोटर आणि झाकण यांच्यामधल्या दांड्या, लिव्हर आणि बॉल जॉइंट (गोळी आणि वाटीचे सांधे) मिळून झाकणाला धरून ठेवतात. मोटर थांबली की या दांड्या जागच्या जागी घट्ट राहतात आणि झाकणाला पुढे-मागे जाता येत नाही. त्यांच्यात ढिलाई आली, मिस्त्रींच्या भाषेत ‘प्ले’ आला, की मोटर योग्य जागी थांबूनही झाकण त्या ढिलाईएवढं पुढे सरकतं.

स्विच चुकला तर मोटर चालूच राहते. दांडी सुटली तर मोटर वेळेवर थांबते आणि झाकण एकटं पुढे जातं. म्हणून आवाज ऐकायचा.

बॉक्स्टरच्या सीटमागे काय दडलंय

उदाहरणासाठी पोर्शे बॉक्स्टरची पहिली पिढी घेऊ. ९८६ या क्रमांकाने ओळखली जाणारी ही गाडी १९९६ मध्ये बाजारात आली आणि २००४ पर्यंत चालली. युरोप-अमेरिकेत आज ही जुनी गाडी नव्या साध्या गाडीपेक्षाही स्वस्तात मिळू शकते. त्यामुळे तिकडे राहणारे आपले काही हौशी लोकही तिच्या नादी लागतात आणि मग रविवार गॅरेजमध्ये घालवतात. तिच्या छताची रचना उघड्यावर मांडल्यासारखी सरळ आहे, म्हणून समजायला सोपी.

सीटच्या मागे मधोमध एकच विजेची मोटर आहे. तिच्यापासून डावीकडे आणि उजवीकडे एकेक लवचीक केबल जाते. जुन्या स्कूटरच्या स्पीडोमीटरला असायची तशी, आतली तार गोल फिरणारी. केबलच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक छोटा गिअरबॉक्स. तो केबलचं वेगवान फिरणं मंद पण ताकदवान करतो आणि लिव्हर हलवतो. लिव्हरला पुश रॉड जोडलेले, आणि त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकच्या वाट्या, ज्या धातूच्या गोळीवर दाबून बसवलेल्या असतात. या सगळ्यातून झाकण आणि छत दोन्ही हलतात. छत उघडायला सुमारे १२ सेकंद लागतात. बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की सगळं तिथेच थांबतं. हॅन्डब्रेक ओढलेला नसेल तर मोटर जागची हलत नाही, कारण त्या लिव्हरखालीही एक मायक्रोस्विच आहे.

या गाडीचं इंजिन मध्ये, छताच्या कप्प्याच्या खालीच असल्यामुळे मिस्त्रीला वरून हात घालायचा असेल तर झाकण आणखी मागे कलवावं लागतं. त्यासाठी तो काय करतो? छत अर्धवट उघडतो आणि स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही बाजूंच्या वाट्या गोळीवरून उचकटून काढतो. दांड्या सुटल्या की झाकण नेहमीच्या मर्यादेपलीकडे मागे जातं. मिस्त्री हे मुद्दाम करतो. वाटी आपोआप तुटली तरी नेमकं हेच होतं. ‘झाकण जास्त उघडतंय’ ही तक्रार घेऊन आलेल्या बॉक्स्टरमध्ये मी तरी सगळ्यात आधी या वाट्यांकडेच पाहीन.

वाट्या तुटायला वय हे एक कारण आहेच, वीस-पंचवीस वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं. पण एक माणसांनी निर्माण केलेलं कारणही आहे. २००२ च्या मॉडेलपर्यंत या छताला मागची खिडकी काचेची नव्हती, लवचीक प्लॅस्टिकची होती. घडी होताना ती वेडीवाकडी दुमडू नये म्हणून मालक छत अर्ध्यावर थांबवतात, खाली उतरतात आणि हाताच्या कडेने खिडकीच्या मध्यावर हलका वार करून तिला नीट घडी पाडून देतात. या गाडीच्या शौकीनांत तो जणू विधीच आहे. त्या वेळी झाकण उभं असतं आणि टेकायला सोयीचं असतं. त्यावर हात टेकून वाकणाऱ्या माणसाचं वजन कुठे जातं, याचा हिशेब पुढे येतोच.

एक मिलिमीटर आणि तीस किलो

आकडे सोयीसाठी धरतो. गाडीगणिक ते बदलतील. समजा झाकणाचं वजन १२ किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर आहे. पुढची कड बिजागरीपासून ६० सेंटिमीटर लांब. पुश रॉड मात्र बिजागरीपासून फक्त ६ सेंटिमीटरवर झाकणाला ढकलतो, कारण तिथे जागाच तेवढी असते.

झाकण आडवं असताना उचलायला रॉडना १२ गुणिले ३० भागिले ६, म्हणजे ६० किलोचा जोर लावावा लागतो. दोन बाजूंना मिळून, म्हणजे प्रत्येक वाटीवर ३० किलो. बारा किलोच्या वस्तूसाठी! एका बाजूची वाटी तुटली तर सगळा भार दुसरीवर जातो, शिवाय झाकण पिळलं जातं. म्हणून एक तुटल्यावर दुसरीही लवकरच जाते. आणि कोणी पुढच्या कडेवर फक्त ५ किलोचा भार टाकून टेकला, तर त्याचे रॉडवर ५० किलो होतात.

आता हेच गुणोत्तर उलटं वाचा. कड बिजागरीपासून रॉडच्या दहापट लांब आहे, म्हणून रॉडमधली १ मिलिमीटरची ढिलाई कडेला १ सेंटिमीटर दिसते. झाकण चार बोटं जास्त उघडतंय म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. रॉडपाशी ही गडबड जेमतेम सहा-सात मिलिमीटरची आहे. एवढ्यासाठी मोटर बदलायची गरज नसते, आणि मोटर बदलून ती जाणारही नाही.

ढिलाई मग झाकण उघडायला लागल्यावर लगेच का दिसत नाही? शेवटीच धक्का का बसतो? कारण वजन बाजू बदलतं. झाकण आडवं असताना वजन खाली ओढतं आणि रॉड वर ढकलतो. दोघे एकमेकांना दाबून असतात, ढिलाई एका बाजूला दडपलेली असते. झाकण जसं उभं होत जातं तसा भार कमी होतो: ६० अंशांवर निम्मा, आणि काटकोनात जवळपास शून्य. काटकोनाच्या जरा पुढे गेलं की तेच वजन झाकणाला मागे खेचू लागतं. १०० अंशांवर या खेचण्याचा जोर रॉडवर जेमतेम १० किलो असेल, पण दिशा उलटी. आतापर्यंत ढकलणारा रॉड आता झाकणाला रोखून धरणारा होतो. त्या एका क्षणात जॉइंटमधली सगळी ढिलाई एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. झाकण ‘धप्प’ करून मागे पडल्यासारखं होतं ते यामुळे.

कोणती गाडी झाकण काटकोनापर्यंत नेते आणि कोणती आधीच थांबवते, हे रचनेवर अवलंबून. पण गाडी चढावर, तोंड वर करून उभी असेल तर अख्खा हिशेबच मागे कलतो. १० टक्के चढ म्हणजे जवळपास ६ अंश. घराजवळच्या चढावर झाकण मागे पडतं आणि गॅरेजच्या सपाट फरशीवर नीट चालतं, असं झालं तर मिस्त्रीला खोटं ठरवू नका. दोघंही खरं सांगत असता.

वाराही हेच करतो. समोरून येणारा वारा उभ्या झाकणाच्या आतल्या बाजूवर आदळतो आणि त्याला मागे रेटतो. २००५ पासूनच्या बॉक्स्टरमध्ये ताशी ५० किलोमीटरपर्यंत गाडी चालू असतानाही छत हलवता येतं. त्या वेगाला उभ्या सपाट पत्र्यावर दर चौरस मीटरला साधारण १२ ते १४ किलोचा रेटा येतो. नवी गाडी तो सोसते. जुन्या गाडीत, कंपनीने परवानगी दिली असली तरी, मी छत चालवीन ते थांबूनच.

मोटर चालू असेल तर

झाकण मर्यादा ओलांडतंय आणि मोटर अजून घरघरतेय, याचा अर्थ तिला ‘थांब’ सांगणारा संदेश पोचलेला नाही. इथे यांत्रिक भाग उघडायची घाई नको.

पहिली तपासणी बॅटरीची. छताची मोटर भरपूर वीज खाते. बॅटरी कमकुवत असेल तर व्होल्टेज खाली येतं, कंट्रोल युनिट गोंधळतं आणि छत मध्येच अडकतं. दोष शोधताना छत पुन्हापुन्हा चालवावं लागतं, तेव्हा बॅटरीला चार्जर लावूनच काम करावं. नाहीतर आपण शोधतो एक दोष आणि सापडतो दुसरा.

मग स्विच. स्कॅनर, म्हणजे कंट्रोल युनिटमधले संदेश वाचणारं यंत्र, लावून ‘झाकण उघडं’ आणि ‘झाकण बंद’ हे संदेश प्रत्यक्ष बदलतात का ते पाहता येतं. जुन्या गाडीत स्कॅनर हे दाखवत नसेल तर मल्टिमीटर पुरे: स्विचचा कनेक्टर काढायचा, मीटर कंटिन्युइटीवर (वीज आरपार जात असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवायचं, बोटाने स्विच दाबायचा. बीप आला-गेला तर स्विच ठीक. स्विच ठीक असूनही संदेश येत नसेल तर त्याचा पाय वाकलाय का, तो बसवलेली पट्टी हललीय का, हे डोळ्यांनी पाहायचं. झाकण स्विचला स्पर्शच करत नसेल तर स्विच बिचारा काय करणार.

आणि वायर. बिजागरीतून जाणारी वायर प्रत्येक उघडझापीला वाकते. काही हजार वेळा वाकल्यावर आतलं तांबं तुटतं, बाहेरचं आवरण मात्र धड दिसतं. झाकण एका कोनात असताना टोकं जुळतात, दुसऱ्या कोनात सुटतात. ‘कधी होतं, कधी होत नाही’ अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. मीटर लावून ठेवायचं आणि बिजागरीपाशी वायर हळू वाकवत राहायचं. बीप तुटला की जागा सापडली. दुरुस्त करताना तुटलेल्या जागीच डाग देऊ नका. डागलेली वायर तिथे ताठ होते आणि डागाच्या शेजारीच पुन्हा तुटते. लवचीक वायरीचा नवा तुकडा घेऊन जोड बिजागरीपासून दूर, न वाकणाऱ्या भागात आणायचे.

काही गाड्यांत स्विचऐवजी कोन मोजणारा सेन्सर असतो. बॅटरी काढून लावली की कंट्रोल युनिट बंद आणि उघडी ही दोन टोकं विसरतं आणि ती स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागतात. बॅटरी बदलल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर सगळ्यात आधी हे करा.

संदेशाच्या जोरावर छत चालवणं किती नाजूक असतं, याचा जुना दाखला फोर्डचा आहे. १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेत फोर्डने फेअरलेन ५०० स्कायलायनर नावाची गाडी काढली. तिचं धातूचं अख्खं छत मागच्या प्रचंड झाकणाखाली जात असे. संगणक नव्हताच. दहा लिमिट स्विच (भाग टोकाला पोचला की दाबले जाणारे), दहा रिले (विजेने चालणारे स्विच) आणि सुमारे ६०० फूट वायर यांची साखळी होती: एक काम पूर्ण झालं की त्याचा स्विच पुढच्या कामाची वीज सोडणार. एक स्विच रुसला की सगळा खेळ तिथेच गोठला. अशा ४८ हजारांहून अधिक गाड्या बनल्या, आणि आजही त्या सांभाळणारे लोक तेल-पाण्याइतकंच स्विचच्या जागांकडे लक्ष देतात.

मोटर थांबली असेल तर

मोटर वेळेवर थांबली आणि झाकण तरीही पुढे गेलं, तर दोष दांड्यांत, बिजागरीत किंवा अडसरात. सुदैवाने हे हातांना कळतं.

आधी सुरक्षितता, आणि ती थोडक्यात उरकण्यासारखी नाही. डिकीच्या पत्र्यावर जाड चादर किंवा गोधडी पसरा. झाकणाला लाकडी टेका द्या. किल्ली काढून खिशात ठेवा, कारण या दांड्या कात्रीसारख्या बंद होतात आणि बोटाला दुसरी संधी देत नाहीत. हायड्रॉलिक गाडीत, म्हणजे जिथे छत तेलाच्या दाबाने चालतं तिथे, पंप बंद असला तरी दाब हळूहळू उतरतो आणि वर उभं झाकण नकळत खाली येतं. टेका तिथे दुप्पट गरजेचा. दोष सापडेपर्यंत ‘अजून एकदा चालवून बघू’ म्हणायचं नाही. तिरकं चालणारं झाकण प्रत्येक फेरीत बिजागरी वाकवत असतं.

मग डावी आणि उजवी बाजू शेजारी शेजारी तपासा. छताच्या यंत्रणेत ही मोठी सोय आहे: बिघडलेल्या भागाचा बरोबर नमुना समोरच असतो. झाकणाची कड हाताने हलकेच पुढे-मागे करायची आणि प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं. ढिलाई असेल तर बोटाला टक्-टक् जाणवते. वाटीला बारीक चीर असेल तर ती अंधारात दिसत नाही, टॉर्च तिरका धरावा.

वाटी बदलणं हे काम स्क्रू ड्रायव्हर आणि छोटा पाना यांचं आहे. दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात. बाजारात धातूच्या वाट्याही मिळतात आणि ‘पुन्हा तुटणारच नाही’ म्हणून अनेक जण त्या लावतात. मी मूळ प्लॅस्टिकच्या बाजूचा आहे. यंत्रणेत काही अडकलं तर काहीतरी तुटणारच. प्लॅस्टिकची वाटी तुटली तर थोडक्यात भागतं. ती तुटायला नकार देऊ लागली की गिअरबॉक्सचे दात तुटतात.

जुनी वाटी काढण्याआधी रॉडवर रंगाची खूण करा आणि ती किती फेऱ्यांत उलगडते ते मोजा. नवी तेवढ्याच फेऱ्या बसवायची. कारण रॉडला आटे असतात, आणि त्याची लांबी हीच झाकणाची मर्यादा ठरवते. ६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या आट्यांत एका फेरीत लांबी १ मिलिमीटर बदलते. वरच्या हिशेबाने कडेला १ सेंटिमीटर. म्हणून नंतर बारीक जुळवणी करायची तर एका वेळी अर्धी फेरी, दोन्ही बाजूंना सारखी. डावीकडे अर्धी आणि उजवीकडे एक असं केलं की झाकण बंद होताना एका कोपऱ्यात फट राहते आणि पावसात कळतं. रॉड आखूड केला की उघडण्याची मर्यादा बदलते तशी बंद होण्याचीही बदलते, हे विसरून चालणार नाही. उघडी स्थिती जुळवून झाल्यावर झाकण बंद करून सगळीकडे फट सारखी आहे का ते पाहायलाच हवं.

बॉक्स्टरसारख्या केबलच्या गाडीत आणखी एक भानगड असते. केबलचं टोक चौकोनी असतं आणि ते मोटरच्या खाचेत बसतं. वर्षानुवर्षांनी बाहेरची नळी आकसते किंवा टोक झिजतं, आणि एका बाजूची केबल खाचेत घसरायला लागते. मोटर फिरते, एक बाजू चालते, दुसरी मागे राहते. झाकण एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी उघडलेलं दिसतं. इथे रॉडची लांबी बदलून झाकण ‘सरळ’ करणारे महाभाग असतात. पुढच्या फेरीत केबल आणखी घसरली की सगळं पहिल्यापेक्षा वाईट. केबल दोन्ही बदलायच्या. नवी केबल जोडण्याआधी दोन्ही गिअरबॉक्स अगदी एकाच स्थितीत आणायचे, गरज पडली तर केबल हाताने किंवा अगदी मंद ड्रिलने फिरवून. दोघांचे लिव्हर एका रेषेत आहेत का, हे पट्टी धरून पाहा. अंदाजावर ठेवू नका.

हायड्रॉलिक आणि गॅसच्या दांड्या

मर्सिडीज-बेंझच्या १९८९ मध्ये जिनेव्हाला दाखवलेल्या आणि २००१ पर्यंत चाललेल्या एसएल मालिकेत, म्हणजे आर१२९ मध्ये, छत आणि झाकण हायड्रॉलिक सिलिंडरांनी चालतं. इथे झाकण जास्त उघडण्याची शक्यता मुळात कमी. पिस्टन सिलिंडरच्या टोकाला टेकला की संपलं, पुढे जायला जागाच नाही. संदेश आला नाही तरी झाकण तिथेच राहतं, फक्त पंप कण्हत राहतो आणि पुढचं काम सुरू होत नाही. म्हणून हायड्रॉलिक गाडीत झाकण खरोखरच मर्यादा ओलांडत असेल तर सिलिंडर ज्या पिनवर बसलाय ती पिन, तिचा क्लिप आणि बिजागरीचे बोल्ट आधी पाहा. पंपाला हात लावायचं कारण नाही. या गाड्यांचा नेहमीचा आजार वेगळा आहे: सील म्हातारे होतात आणि समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीतल्या सिलिंडरमधून तेल ठिबकून थेट डोक्यावर येतं.

काही गाड्यांत झाकण हाताने उघडतं आणि गॅस भरलेल्या दांड्या त्याला आधार देतात. तिथे कारण बहुधा अलीकडच्या दुरुस्तीत सापडतं. जुनी दांडी थकली म्हणून ‘जवळपास तशीच’ दुसरी लावलेली असते. दांडीवर न्यूटनमध्ये जोर लिहिलेला असतो आणि विकणारा तेवढाच जुळवून देतो. पण झाकण कुठे थांबणार हे ठरतं पूर्ण ताणलेल्या दांडीच्या लांबीवरून. एका टोकाच्या गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या गोळीच्या मध्यापर्यंत मोजा. १० मिलिमीटर जास्त लांब दांडी झाकणाला सहज काही सेंटिमीटर जास्त मागे नेईल आणि दर वेळी बिजागरीवर ताण देईल.

कापडी पट्टा हा अडसर असलेल्या गाड्यांत तो ताणलेला, उसवलेला किंवा कुजलेला असतो. नवा शिवायचा तर माप धड बाजूच्या पट्ट्यावरून घ्या. दोन्ही ताणले गेले असतील तर झाकण योग्य जागी टेकवून माप काढा. न ताणणारी पॉलिएस्टरची पट्टी आणि पॉलिएस्टरचाच दोरा वापरा, सुती दोरा उन्हापावसात टिकत नाही.

पहिली फेरी

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा छत चालवताना दोन माणसं हवीत. एक बटणावर, दुसरा झाकणाजवळ, पण हात लांब ठेवून. सपाट जागा, वारा नसलेली वेळ, डिकी बंद. बटण दोन-दोन सेकंद दाबून सोडायचं आणि प्रत्येक थांब्याला दोन्ही कडांची डिकीपासूनची उंची पट्टीने मोजायची. फरक वाढत गेला तर थांबा. तो पुढे आपोआप भरून येत नाही. कमाल उघडीला झाकणाची मागची कड आणि डिकीचा पत्रा यांत बोट सहज जाईल एवढी फट हवी.

गोळ्यांवर थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, पण केबलच्या नळीत तेल ओतू नका. ते धूळ धरतं. कप्प्याच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याची भोकं असतात, झाकण उघडं आहे तोवर त्यांतला पालापाचोळा काढून टाका. बॉक्स्टरमध्ये ती तुंबली की पाणी आत, सीटखाली बसवलेल्या अलार्मच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं आणि मग झाकणाची दुरुस्ती स्वस्त वाटायला लागते. आठवड्याभराने रॉडचे लॉकनट (वाटी फिरू न देणारे नट) पुन्हा एकदा पान्याने तपासा. नव्या वाट्या गोळीवर बसताना थोड्या सैलावतात आणि बहुतेक वेळा त्या अर्ध्या फेरीची गरज तेव्हाच पडते.